काळी एकमधलं डेफ्टोन्स : कव्हर करताना काय राखायचं, काय सोडायचं

नाशिकच्या एका बँडचा प्रश्न आहे. दोन गिटार, एक बास, एक ड्रम अशी चौघं मुलं, गिटारवाल्यांपैकी एकजण गातो. डेफ्टोन्स या अमेरिकी रॉक बँडची 'चेंज (इन द हाउस ऑफ फ्लाइज)' आणि 'माय ओन समर (शव्ह इट)' ही दोन गाणी त्यांना डिसेंबरच्या एका कार्यक्रमात वाजवायची आहेत आणि नंतर रेकॉर्ड करून स्पॉटिफाय-यूट्यूबवर टाकायची आहेत. सात तारांची गिटार नाही, कीबोर्ड नाही, डीजे नाही आणि गायकाला डेफ्टोन्सच्या चिनो मोरेनोसारखं किंचाळता येत नाही. मग मूळ गाण्याच्या जवळ कसं जायचं? परवानगी लागते का? आणि एखादं गाणं मराठीत करून गायलं तर चालेल का?

मी वीसेक वर्षं गिटार वाजवतोय आणि त्यातली बरीचशी पुण्यात छोट्या बँडांची गाणी रेकॉर्ड करण्यात गेली. डेफ्टोन्सचं कव्हर, म्हणजे त्यांचं गाणं आपल्या बँडवर वाजवलेलं, घेऊन येणारी मुलं दर वर्षी भेटतात. बहुतेकांची गाडी एकाच जागी अडकते. जडपणा आणायचा म्हणून तारा आणखी खाली उतरवतात, डिस्टॉर्शन (गिटारचा फाटलेला, खरखरीत आवाज) वाढवतात, आणि गाणं हातातून निसटतं. माझ्या पहिल्या बँडचंही हेच झालं होतं. एका कॉलेजच्या महोत्सवात आम्ही 'माय ओन समर' मूळपेक्षाही खालच्या पट्टीत वाजवलं, आमच्या गायकाचा घसा दुसऱ्याच गाण्यात बसला आणि उरलेला सेट त्याने कसाबसा रेटला. घरी येऊन मी मूळ रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं, तेव्हा लक्षात आलं की आम्ही जे वाढवत होतो ते मूळ गाण्यात तेवढं नव्हतंच.

आपल्याकडे ऑर्केस्ट्राची मोठी परंपरा आहे. गणपतीत, लग्नात, गावच्या जत्रेत हुबेहूब गाणारा कलाकार टाळ्या घेतो आणि ते कौशल्य खरंच कठीण आहे, मला त्याचा आदर आहे. पण तिथे ऐकणाऱ्याला जुनी आठवण परत हवी असते. तुमच्यासारख्या बँडकडून लोक वेगळ्या गोष्टीसाठी येतात. मूळ गाणं त्यांच्या फोनवर आहेच. या चौघांना त्या गाण्यात काय ऐकू आलं, हे त्यांना ऐकायचं असतं. म्हणून "जवळ कसं जायचं" याऐवजी "कोणती गोष्ट सोडली तर गाणं मरतं" असं विचारा.

डेफ्टोन्सच्या बाबतीत माझं उत्तर ठरलेलं आहे. खाली वजन आणि वर हवा, आणि त्या दोहोंमधलं अंतर. ते अंतर राखा. बाकी सगळं बदललं तरी चालतं.

हे अंतर आलं कुठून, ते बँडच्या घडणीत दिसतं. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरातली ही शाळासोबती मुलं १९८८ च्या सुमाराला एकत्र आली. स्टीफन कार्पेंटर हा गिटारवाला पक्का मेटलचा माणूस. गायक चिनो मोरेनो मात्र द क्युअर, डेपेश मोड असली हळवी, धूसर गाणी ऐकत वाढलेला. ड्रमर एब कनिंगहॅमच्या हातात हिप-हॉपची लय, चि चेंगच्या बासमध्ये घट्ट, गोल खर्ज. पुढे फ्रँक डेल्गाडो टर्नटेबल आणि सँपल घेऊन आला आणि २००० च्या 'व्हाइट पोनी'पर्यंत पूर्ण सदस्य झाला. प्रत्येकजण आपापल्या दिशेने ओढतो आणि कुणीच सोडत नाही, त्या ताणातून ही गाणी उभी राहिली. त्या काळात त्यांना नू-मेटलच्या (हिप-हॉप मिसळलेल्या मेटलच्या) गठ्ठ्यात बांधलं गेलं, पण रिफवर, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीवर, चढून शब्द फेकणाऱ्या गायकांच्या गर्दीत मोरेनो रिफच्या वर तरंगत होता. रिफ जमिनीवर चालतो आणि चाल त्याच्या डोक्यावरून वाहते. गायक रिफच्या तालाला चिकटला की डेफ्टोन्स संपलं.

आता तारांचं. सात तारांची गिटार नाही म्हणून तुम्ही खंत करताय, तर ती आत्ताच सोडा. १९९७ च्या 'अराउंड द फर'वरची आणि 'व्हाइट पोनी'वरची तुमच्या कामाची गाणी सहा तारांचीच आहेत. सात तारा त्यांच्या आवाजात रुजल्या त्या २००३ च्या, बँडच्याच नावाच्या अल्बमपासून, आणि आठ तारा २०१० च्या 'डायमंड आइज'च्या सुमाराला. तुमच्या दोन्ही गाण्यांचं ट्युनिंग ड्रॉप सी-शार्प आहे. पाच तारा अर्धा स्वर खाली आणि सहावी जाड तार दीड स्वर खाली, म्हणजे खालून वर सी-शार्प, जी-शार्प, सी-शार्प, एफ-शार्प, ए-शार्प, डी-शार्प. तुमच्यापैकी कुणी लहानपणी पेटी शिकलं असेल तर त्याला सांगा, ही आपली काळी एक. किती गायकांनी या पट्टीत आयुष्य काढलंय! ती काही पाताळातली पट्टी नाही.

दहा-शेहेचाळीस जाडीच्या नेहमीच्या तारा या ट्युनिंगला सैल पडतात, जाड तार फ्रेटवर खडखडते आणि जोरात मारली की क्षणभर चढी वाजते. दहा-बावन्न किंवा अकरा-चोपन्नचा संच लावा. तारा बदलल्यावर इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही स्वर सुरात राहणं) पुन्हा लावून घ्या, बाराव्या फ्रेटवरचा स्वर आणि हार्मोनिक जुळतात का ते ट्युनरवर बघा. जाड तार नटच्या खाचेत अडकत असेल तर दुकानातल्या कारागिराकडून खाच नीट करून घ्या, स्वतः कानस चालवू नका. बासवाल्याकडे पाच तारांचा बास असेल तर त्याला काहीच करावं लागत नाही, सर्वांत खालच्या बी तारेवर दुसऱ्या फ्रेटला सी-शार्प बसलाच आहे. चार तारांचा असेल तर खालची तार दीड स्वर उतरवा आणि तिच्यासाठी जाड तार घ्या.

दुसराही एक रस्ता आहे. कार्यक्रमात तुमची स्वतःची गाणी ड्रॉप डीमध्ये असतील तर ही दोन्ही गाणीसुद्धा ड्रॉप डीमध्येच वाजवा. बोटं तीच, आकार तेच, फक्त सगळं अर्धा स्वर वर, पांढरी दोनमध्ये. रंगमंचावर दर दोन गाण्यांनी ट्युनिंग करत बसलेल्या बँडपासून प्रेक्षक लांब जातो, ते टळेल. अट एकच, गायकाला तो अर्धा स्वर पेलला पाहिजे. मोरेनोचा आवाज उंच आहे. तुमच्या गायकाचा गळा खालचा असेल तर उलट दिशेने जाऊन ड्रॉप सीमध्ये, पांढरी एकमध्ये या. पट्टी नेहमी गळ्यावरून ठरवायची, गिटारवरून नाही. शास्त्रीय गाणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. रॉकवाले मात्र विसरतात.

डिस्टॉर्शनची तर मी हात जोडून विनंती करतो. कार्पेंटरचा आवाज प्रचंड मोठा वाटतो म्हणून गेनचा (डिस्टॉर्शन वाढवणारा) नॉब पूर्ण फिरवू नका. तो मोठेपणा दोन-तीन थरांतून येतो आणि त्या थरांना उत्तम जागा करून दिल्यामुळे येतो. त्यांच्या पहिल्या 'एड्रेनालिन'पासून २००३ पर्यंतचे चारही अल्बम निर्माता टेरी डेटने केलेत. पँटेरा आणि साउंडगार्डन यांचं काम करून आलेला हा माणूस, जाड गिटार आणि पातळ आवाज एकाच खोलीत कसे नांदवायचे हे त्याला नेमकं ठाऊक होतं. तुमच्या अँपवर गेन जिथे बरा वाटतो तिथून एक चतुर्थांश कमी करा, मिड्स थोडे वाढवा, आणि दोन्ही गिटारांना एकच काम देऊ नका. एकाने खालचा रिफ धरायचा. दुसऱ्याने वरच्या तारा मोकळ्या सोडून घुमणारे स्वर, डिले आणि रिव्हर्बमध्ये बुडवलेले. 'व्हाइट पोनी'पासून मोरेनोनेही गिटार हातात घेतली, आणि त्या अल्बममधली दोन गिटारांची ही विभागणी नुसती ऐकत बसण्यासारखी आहे.

हा दुसरा गिटारवालाच तुमचा डेल्गाडो. पिकने तार छेडून तिचा ठोका ऐकू येऊ न देता व्हॉल्यूम पेडलने स्वर हळूहळू वर आणायचा, मागे लांब रिव्हर्ब लावायचा, की कीबोर्डसारखा पडदा तयार होतो. लॅपटॉपवरून ट्रॅक सोडण्याचा मोह होईल. पहिल्या वर्षी टाळा. ट्रॅक आला की क्लिक (ठेका मोजणारी टिकटिक) आला, क्लिक आला की ड्रमरच्या कानात हेडफोन आले, आणि ज्या मंचावर मॉनिटर (वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) मिळतानाच मारामार तिथे एवढं सगळं नीट चालेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

ड्रमवाल्यासाठी थोडं, पण महत्त्वाचं. कनिंगहॅमचा स्नेअर (मधला मुख्य ड्रम) उंच सुरात लावलेला असतो, टणक, चटकन तुटणारा. जड संगीत म्हणून स्नेअर खाली उतरवून धप्प आवाज काढू नका, तो गिटारच्या चिखलात बुडतो. उंच लावा, तो वर येतो. आणि ठोका किंचित मागे ठेवा. ठाय लयीत गाणारा गवई समेवर येताना जो श्वासभर उशीर करतो ना, तसा. 'चेंज'च्या कडव्यात ड्रमरने घाई केली की गाण्यातली भीती निघून जाते.

आता आवाज. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बँड इथेच पडतात.

'चेंज'चं कडवं जवळजवळ पुटपुटलेलं आहे. घरी मायक्रोफोनला ओठ लावून हे छान जमतं. मंचावर मात्र पुटपुटणं ऐकू यावं म्हणून साउंडवाला मायक्रोफोनचा गेन वाढवतो, त्याबरोबर ड्रमची झांज आणि गिटारही त्याच मायक्रोफोनमधून वाढतात आणि मॉनिटर शिट्टी मारायला लागतो. याला उपाय पुटपुटण्यात नाही. सूर लावून, पण कमी श्वासात गा. म्हणजे कुजबुजल्याचा भास व्हावा पण स्वरतंतू पूर्ण जुळलेले असावेत. नुसत्या श्वासाने गायलं तर गळा लवकर कोरडा पडतो, आणि लगेच पुढच्या ध्रुवपदात मोठा आवाज लावायचा असतो. मायक्रोफोन कडव्यात ओठांजवळ घ्या, ध्रुवपदात एक वीतभर लांब. जवळ घेतल्यावर आवाजात खालचा फुगीरपणा येतो, तेव्हा साउंडवाल्याला शंभर-एकशेवीस हर्ट्झच्या खालचं कापायला सांगा. गायकासमोरचा मॉनिटर त्याच्याकडे नीट वळलेला आहे ना, हे साउंड चेकला स्वतः बघा. आणि मायक्रोफोनची जाळी मुठीत धरायची सवय आजच सोडा, शिट्टीचं अर्धं कारण तीच असते.

ध्रुवपद सुरात राहत नाही ही तक्रार सगळ्याच बँडची. दोन गिटार गर्जत असताना गायकाला आपला स्वर ऐकू येत नाही आणि तो चढा जातो. यासाठी मी मुलांना एक साधी गोष्ट करायला लावतो. फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावा, काळी एक निवडा, आणि पूर्ण गाणं फक्त तानपुऱ्यावर गा. पंधरा दिवस, रोज दोनदा. गिटारशिवाय चाल कुठे जाते हे त्यातून कळतं आणि गळ्याला जागा पाठ होतात. मंचावर ऐकू आलं नाही तरी गळा आपणहून तिथे जाऊन बसतो. माझ्याकडे आलेल्या ज्या गायकांनी हे मनापासून केलं, त्यांचं रेकॉर्डिंग निम्म्या वेळात झालं.

किंचाळण्याबद्दल मला स्पष्ट बोलू द्या. शिकल्याशिवाय करू नका. घशातून रेटून काढलेला आवाज आणि तंत्राने काढलेला आवाज बाहेर सारखेच वाटू शकतात, पण आत एक इजा करतो आणि दुसरा करत नाही. गाताना किंवा गाऊन झाल्यावर दुखलं, आवाज बसला, दुसऱ्या दिवशी वरचे स्वर गायब झाले, तर तंत्र चुकतंय. थांबा, आणि शिकवणारा शोधा. डिसेंबरपर्यंत हे जमणार नाही, म्हणून माझं मत असं की 'माय ओन समर' यंदा बाजूला ठेवा. त्या गाण्याचं ध्रुवपद किंकाळीवरच उभं आहे. कडव्यात गिटार मागे सरते, बास-ड्रम दबा धरून चालतात, आणि मग तो स्फोट. स्फोटच नसेल तर आधीचा दबा फुकट जातो. त्याऐवजी त्याच अल्बममधलं 'बी क्वाएट अँड ड्राइव्ह (फार अवे)' घ्या. ट्युनिंग तेच, रिफ अखंड वाहता, आणि ध्रुवपद गाऊन पेलता येणारं. खाली वजन आणि वर हवा हे समीकरण त्यात इतकं स्वच्छ आहे की कव्हर शिकण्यासाठी याहून चांगलं गाणं मला ठाऊक नाही.

कव्हर कसं करावं हे डेफ्टोन्सकडूनच शिकता येतं, कारण ते स्वतः नेमाने इतरांची गाणी वाजवत आलेत. २००५ चा 'बी-साइड्स अँड रॅरिटीज' हा संग्रह मिळवून ऐका. त्यात शादेचं 'नो ऑर्डिनरी लव्ह' आहे, द क्युअरचं, द स्मिथ्सचं, डुरान डुरानचं, कॉक्टो ट्विन्सचं गाणं आहे. यातलं एकही मेटल नाही. शादेचं गाणं त्यांनी धडाधड गिटारीत भरून टाकलं नाही, त्याची संथ चाल आणि हुरहुर तशीच ठेवली. द स्मिथ्सचं गाणं मुळात दोन मिनिटांच्या आतलं, त्यांनीही ते ताणलं नाही. त्याच संग्रहात हेल्मेटचं 'सिनात्रा' आहे. हेल्मेट म्हणजे न्यूयॉर्कचा तो बँड, ज्याने ड्रॉप डीमधले तुटक रिफ नव्वदच्या दशकातल्या पिढीला शिकवले. त्याचा म्होरक्या पेज हॅमिल्टन मुळात जाझ गिटार शिकायला त्या शहरात आलेला. म्हणजे आज ज्यांची कव्हरं होतात, तेही एकेकाळी कुणाचं तरी गाणं वाजवत आपला आवाज शोधत होते. आणि याच संग्रहात 'चेंज', 'डिजिटल बाथ' आणि 'बी क्वाएट अँड ड्राइव्ह' यांची अकूस्टिक रूपं आहेत. डिस्टॉर्शन काढून घेतल्यावरही ही गाणी उभी राहतात, हा पुरावा स्वतः बँडनेच देऊन ठेवलाय. तुमची पहिली तालीम त्यांच्यावरच करा.

आणखी एक जोडी शेजारी शेजारी ऐका. 'व्हाइट पोनी'चं शेवटचं गाणं 'पिंक मॅगिट' सात मिनिटांहून लांब, रांगत जाणारं, अंधारलेलं. अल्बम आल्यावर रेकॉर्ड कंपनीला रेडिओवर चालेल असं काहीतरी हवं होतं. मग त्याच गाण्यातून 'बॅक टू स्कूल (मिनी मॅगिट)' हे छोटं, रॅपच्या वळणाचं रूप काढलं आणि त्याच वर्षी अल्बमच्या नव्या आवृत्तीत पहिल्या क्रमांकावर लावलं. मोरेनोने पुढे त्याबद्दल नाराजीही बोलून दाखवली. मला ते वाईट गाणं वाटत नाही, पण त्यात अंतर मिटलंय. आवाज रिफवर येऊन बसलाय. एकाच बँडचं एकच गाणं, एकाच वर्षातलं, आणि काय राखलं नि काय गेलं हे दहा मिनिटांत कानाला कळतं.

दुसऱ्या टोकाला 'ब्लॅक स्टॅलियन' आहे. अल्बमला वीस वर्षं झाली तेव्हा, २०२० मध्ये, त्यांनी पूर्ण 'व्हाइट पोनी' रीमिक्स करायला इतरांच्या हातात दिला. 'टीनेजर' द क्युअरच्या रॉबर्ट स्मिथने घेतलं, 'डिजिटल बाथ' डीजे शॅडोने, 'पॅसेंजर' माइक शिनोदाने. रीमिक्स आणि कव्हर वेगळे, रीमिक्समध्ये मूळचा आवाज हाताशी असतो. पण मांडणी किती लांब नेता येते याचा अंदाज घ्यायला तो ऐकावाच.

छोट्या बँडांनी मोठ्या बँडची गाणी घेण्याचा एक सुंदर नमुना म्हणजे मॅग्नेटिक आय रेकॉर्ड्स या अमेरिकी छोट्या लेबलची 'रिडक्स' मालिका. एक गाजलेला अल्बम घ्यायचा आणि त्यातलं एकेक गाणं एकेका स्वतंत्र बँडला द्यायचं. हेल्मेटचा 'मीनटाइम' त्यांनी असा केला, ॲलिस इन चेन्सचा १९९२ चा 'डर्ट' २०२० मध्ये केला. डूम, स्लज, स्टोनर अशा वेगवेगळ्या वाटांचे बँड एकाच अल्बमवर येतात. सलग ऐकताना मला दर वेळी तेच जाणवतं. ज्या बँडने आपली नेहमीची चाल न सोडता गाणं आपल्या घरात आणलं, तो लक्षात राहतो. ज्याने मूळचं घर जसंच्या तसं बांधायचा प्रयत्न केला, त्याचं गाणं संपल्यावर हात आपोआप मूळ अल्बमकडे जातो.

आता परवानगीचं. मी वकील नाही, पण हे व्यवहार रोज करतो, तेवढ्या अनुभवावर सांगतो. गाण्यात दोन हक्क असतात. एक शब्द-चालीचा, तो लिहिणाऱ्यांचा आणि त्यांच्या प्रकाशकांचा. दुसरा मूळ रेकॉर्डिंगचा, तो लेबलचा. तुम्ही सगळं स्वतः वाजवताय, तेव्हा दुसऱ्याशी तुमचा संबंध येत नाही, फक्त मूळ रेकॉर्डिंगचा एकही तुकडा सँपल म्हणून वापरू नका. पहिल्याशी मात्र येतो.

मंचावर वाजवण्यासाठीचा परवाना हा आयोजकाचा किंवा जागेच्या मालकाचा विषय. भारतात शब्द-चालीच्या हक्कांसाठी तो आयपीआरएस या गीतकार-संगीतकार-प्रकाशकांच्या संस्थेकडून घेतात. आयोजकाला विचारून ठेवा आणि त्याला गाण्यांची यादी मूळ गीतकार-संगीतकारांच्या नावांसह लेखी द्या.

रेकॉर्डिंगसाठी आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१-सी आलं. मूळ रेकॉर्डिंग निघालं ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं गेली की ठरावीक रॉयल्टी देऊन कव्हर करता येतं. तुमच्या गाण्यांना पंचवीस वर्षं उलटून गेली, तिथे अडचण नाही. अडचण पुढे आहे. हक्कदाराला आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची, तीही दर कॅलेंडर वर्षाला किमान ५०,००० प्रतींची. माध्यमही त्या गाण्याच्या शेवटच्या रेकॉर्डिंगचंच हवं (ते माध्यम वापरातून गेलं नसेल तर), आणि शब्द-चालीत परवानगीशिवाय बदल चालत नाही. चार मुलांच्या बँडला हा रस्ता परवडणारा नाही. म्हणून बहुतेक स्वतंत्र बँड डिजिटल वितरकाकडून जातात. गाणं चढवताना ते कव्हर आहे असं नमूद करायचं, मूळ लिहिणाऱ्यांची नावं बिनचूक भरायची आणि वितरकाची कव्हर परवान्याची सोय असेल तर तिचे पैसे भरायचे. ही सोय बहुधा अमेरिकेतल्या यांत्रिक हक्कापुरती (शब्द-चालीच्या प्रती काढण्याच्या हक्कापुरती) असते, बाकी ठिकाणी स्ट्रीमिंग सेवा आणि तिथल्या संस्था आपापसात हिशेब करतात. वितरकाच्या अटी पूर्ण वाचा, निदान भारताबद्दल काय लिहिलंय तेवढं तरी. कलाकाराच्या रकान्यात डेफ्टोन्सचं नाव टाकू नका. लोकांना शोधताना सापडावं म्हणून काही जण टाकतात, त्याने गाणं काढून टाकलं जातं आणि ते योग्यच आहे.

यूट्यूबचा मामला आणखी वेगळा, चित्राबरोबर गाणं आलं की सिंक हक्क (चित्राला गाणं जोडण्याचा हक्क) येतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा यूट्यूबची यंत्रणा चाल ओळखते, प्रकाशकाचा दावा लागतो आणि जाहिरातीचे पैसे त्यांच्याकडे जातात. कधी व्हिडिओ अडवलाही जातो. या व्हिडिओतून कमाई धरूच नका.

मराठीत करण्याबद्दल : भाषांतराचा हक्क स्वतंत्र असतो आणि तो मूळ लिहिणाऱ्याचाच. वरचा कोणताही कव्हर परवाना त्याला पुरत नाही, लेखी परवानगी लागेल, आणि नव्या बँडला ती मिळणं फार अवघड. पण कायदा बाजूला ठेवला तरी माझं मन त्याला राजी नाही. मोरेनोचे शब्द अर्थापेक्षा आवाजावर चालतात. अर्धवट प्रतिमा, लांबवलेले स्वर, व्यंजनं जवळजवळ गिळलेली. त्यांचं मराठी केलं की अर्थ उघडा पडतो आणि धुकं जातं. तुम्हाला मराठीत गायची ओढ असेल, तर ती मला फार मोलाची वाटते. तिच्यावर स्वतःचं गाणं लिहा. त्यात मोरेनोची युक्ती वापरा, रिफ जमिनीवर आणि लांब स्वराचे शब्द वर. मराठीत दीर्घ 'आ' आणि 'ए'वर थांबणारे शब्द मुबलक आहेत, ते ध्रुवपदात ठेवून बघा कसे तरंगतात.

रेकॉर्डिंगला आलात की खालच्या रिफची गिटार दोनदा वाजवून डावी-उजवीकडे टाका. एकच टेक कॉपी करून चालत नाही, दोन हातांतला बारीक फरकच रुंदी देतो. बास मधोमध ठेवा आणि गिटारींचं ऐंशी हर्ट्झच्या खालचं काढून ती जागा त्याला द्या. कडवं मुद्दाम अरुंद ठेवा, ध्रुवपदात बाजू उघडा आणि सगळं मिळून एक-दीड डेसिबल वर न्या. मास्टरिंगमध्ये आवाज ठोकून सपाट करू नका. स्ट्रीमिंगवर मोठं केलेलं गाणं पुन्हा खाली आणलं जातं, आणि कडवं नि ध्रुवपद यांतला फरक तेवढा तुम्ही कायमचा गमावलेला असतो.

येत्या रविवारी जॅमरूममध्ये दोन्ही गिटार पिशवीतच राहू द्या. फक्त बास, ड्रम आणि आवाज, 'चेंज' सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीनदा. फोन खोलीच्या कोपऱ्यात ठेवून तिसरी खेप रेकॉर्ड करा आणि मला पाठवा. पट्टी काळी एक ठेवायची की पांढरी दोन, ते त्यावरून ठरवू.